हॉप्स शेवटी घाला: अंबर एल, नाशिकमधल्या सरावापासून पहिल्या बाटलीपर्यंत

माझा भाचा सप्टेंबरमध्ये लीड्सला शिकायला निघालाय. मी तिथे चार वर्षं नोकरीला होते आणि भाड्याच्या घरातल्या गॅसवर दर दोन-तीन महिन्यांनी बिअर करायचे, हे त्याला माहीत आहे. “मावशी, सगळं एकदा नीट लिहून दे,” असं तो म्हणाला. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, की गंगापूर रोडवरच्या आमच्या एका सोसायटीतून यंदा चार मुलं बाहेर चालली आहेत आणि त्यातल्या दोघांनी हेच विचारलंय. म्हणून हे सगळ्यांसाठी.

बिअर एकच आहे: हॉप्सचा भरपूर वास असलेली, तांबूस रंगाची अंबर एल. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी, एका वेलीची वाळवलेली फुलं. मापं १० लिटरची. पहिल्याच वेळी वीस लिटरच्या मागे लागू नका. एवढं पाणी घरच्या शेगडीवर उकळायलाच अर्धा दिवस जातो.

## १. सगळ्यात आधी कायदा

महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि तो आजही लागू आहे. “स्वतःपुरती करतोय, विकत थोडीच आहे” ही सबब चालत नाही. त्यामुळे यीस्ट घालण्याचं काम नाशिकमध्ये करायचं नाही. त्याआधीचं बरंच काही मात्र इथे शिकून घेता येतं, कारण यीस्ट पडेपर्यंत भांड्यात असतो तो फक्त माल्टचा गोड काढा.

ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी स्वतःसाठी बिअर करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने परवानगी मिळाली: घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. तिथे वयाची अट २१ आहे आणि राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, ते बघून घ्या. दुसऱ्या कुठल्या देशात जात असाल तर तिथला नियम आधी वाचा.

आणखी एक कागद वाचायचा, तो घराचा भाडेकरार. विद्यार्थी वसतिगृहात हे करू नका. तासन् तास वाफ निघते, माल्टचा वास जिन्यापर्यंत जातो आणि वाफेने धुराचा अलार्म वाजू शकतो. घरमालकाला आधी विचारलेलं बरं.

## २. हॉप्स कधी घालायचे, हे आधी समजून घ्या

बाकी चुका सावरता येतात. हॉप्सची वेळ चुकली, की वास गेला तो गेलाच.

माझ्या पहिल्या बिअरमध्ये मी चांगल्यातले चांगले हॉप्स घेतले आणि सगळेच्या सगळे उकळीच्या सुरुवातीला टाकले. जितकं जास्त उकळेल तितका अर्क उतरेल, असा माझा समज. बिअर कडू झाली, पण पाकीट उघडल्यावर संत्र्याच्या सालीसारखा जो वास आला होता, त्यातलं काहीही ग्लासात उरलं नव्हतं. चार आठवडे वाट पाहून ते हाती आलं, याचं मला खरंच वाईट वाटलं होतं.

हॉप्समध्ये आपल्या कामाच्या दोन गोष्टी असतात. एक, अल्फा आम्लं. ती लांब उकळल्यावरच रूप बदलतात आणि तेव्हाच कडूपणा पाण्यात विरघळून टिकतो. दुसरी, सुगंधी तेलं. ती उडून जाणारी आहेत. तासभर उकळलं की वाफेबरोबर जवळजवळ सगळी निघून जातात. म्हणजे कडूपणाला वेळ लागतो आणि वासाला वेळ सोसत नाही.

आपल्या स्वयंपाकात हे रोजचंच आहे. मोहरी-हिंग सुरुवातीला, कोथिंबीर गॅस बंद करताना. गवती चहा आलं टाकतानाच टाकला आणि दहा मिनिटं खळखळवला तर चहाला नुसता गवताचा उग्रपणा येतो. शेवटी टाकून वर झाकण ठेवलं तर वास चहात राहतो. हॉप्सचं अगदी तसंच.

म्हणून या कृतीत हॉप्स चार हप्त्यांत पडतात. अगदी थोडे सुरुवातीला, थोडे शेवटच्या दहा मिनिटांत, सगळ्यात जास्त गॅस बंद करून काढा ८० अंशांवर आल्यावर, आणि उरलेले आंबणं संपत आल्यावर थंडच. ८० अंशांच्या आसपास अल्फा आम्लांचं काम खूप मंदावतं, तेलं मात्र काढ्यात उतरतात. कडूपणा फारसा न वाढता वास मिळतो तो याच टप्प्यावर.

## ३. नाशिकमधला सराव

निघण्याआधीच्या एखाद्या रविवारी हा प्रयोग करा. लागतं ते असं: ३०० ग्रॅम जवाचं माल्ट, ३ ग्रॅम हॉप्स (गोळ्यांच्या रूपात येतात, दोन्ही ऑनलाइन मिळतात), स्वयंपाकाचा थर्मामीटर, ग्रॅमचे अंश दाखवणारा छोटा काटा, पोळ्यांचा हॉटकेस किंवा मोठा थर्मास, आणि गाळायला चक्क्याचं फडकं.

माल्ट म्हणजे काय ते ज्यांच्या घरी नाचणी सत्त्व करतात त्यांना सांगायला नको. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं. मोड येताना दाण्यात जी विकरं तयार होतात, ती पुढे गरम पाण्यात पिठूळपणाची साखर करतात. इथे नाचणीऐवजी जव, एवढाच फरक.

थर्मामीटर आधी तपासा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. उकळत्या पाण्यात थर्मामीटर १०० दाखवत असेल तर तो दोन अंश पुढे आहे. तिकडे हाच थर्मामीटर नेणार असाल तर ही नोंद करून ठेवा. मॅशमध्ये, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवतात तेव्हा, दोन अंशांनी फरक पडतो.

माल्ट मिक्सरमध्ये दोन-तीन झटक्यांत भरडून घ्या. लापशीचा भरडा असतो तेवढंच. पीठ करू नका, नाहीतर गाळताना चिखल होतो. टरफलं शक्यतो अख्खी राहू द्या, तीच पुढे गाळणीचं काम करतात. हॉटकेसमध्ये आधी उकळतं पाणी ओतून तो गरम करा, ते फेकून द्या, मग १.८ लिटर पाणी ७१ अंशांवर आणून ओता आणि भरडा ढवळत सोडा. तापमान ६७ च्या आसपास स्थिरावलं पाहिजे. झाकण लावून एक तास विसरून जा.

तासाभराने चमचाभर काढा पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. काळा-निळा रंग आला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी पंधरा मिनिटं थांबा. थेंब तपकिरीच राहिला तर साखर झाली. बशीतला काढा फेकून द्या. पहिल्यांदा मी हॉटकेसमधलं चाखलं तेव्हा विश्वास बसेना: आपण साखरेचा कणही घातलेला नाही आणि हे चक्क गोड लागतंय.

आता गाळून तीन पातेल्यांत सारखं वाटा. प्रत्येकात एक ग्रॅम हॉप्स जाणार आहेत.

- पहिल्यात हॉप्स घालून तीस मिनिटं उकळा. आटेल तेवढं पाणी परत घाला.
- दुसरं तीस मिनिटं उकळा, पण हॉप्स शेवटची पाच मिनिटं राहिल्यावर घाला.
- तिसरं नुसतं उकळून घ्या, गॅस बंद करा, ८० अंशांवर आलं की हॉप्स घाला आणि झाकून वीस मिनिटं ठेवा.

तिन्ही गाळा, गार करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि ओळीने चाखा. हे एकदा केलंत की वरचा सगळा दुसरा भाग तुमच्या जिभेला कळलेला असेल. माझ्या आईने तिसरा पेला पूर्ण संपवला होता.

हे त्याच दिवशी संपवायचं. माल्टच्या काढ्यावर हवेतले जंतू तुटून पडतात, आणि नाशिकच्या उन्हाळ्यात तो बाहेर राहिला तर सकाळपर्यंत आंबलेला असेल.

## ४. इथून काय न्यायचं, काय नाही

माल्ट आणि हॉप्स बॅगेत भरू नका. धान्य आणि वनस्पतींचा माल नेण्यावर निर्बंध असतात, शिवाय तिकडे ते ताजे मिळतात.

न्यायची ती पिशवी. माल्ट भिजवायला मोठी जाळीदार पिशवी लागते. ती तिकडे तयार मिळते, पण इथून शिवून नेलेली माझी पिशवी चार वर्षं टिकली. मेन रोडवरच्या कापड दुकानांत पडद्याचं पांढरं पॉलिएस्टर व्हॉइल मिळतं. त्याची ५० सेंटिमीटर रुंद, ६० सेंटिमीटर खोल पिशवी शिंप्याकडून दुहेरी शिवणीने, वर नाडी घालून करून घ्या. मच्छरदाणीचं कापड घेऊ नका, काही जाळ्यांना कीटकनाशक लावलेलं असतं. पातेलं मात्र तिकडेच घ्या. भांडी बाजारातलं २० लिटरचं स्टीलचं पातेलं सुरेख असतं, पण विमानाच्या सामानात त्याची जागा मोजून बघा.

## ५. तिकडे घ्यायचं सामान

भांडी आणि साधनं:

- २० लिटरचं झाकणाचं पातेलं
- १५ लिटरची, खाण्याच्या वस्तूंसाठी चालणारी झाकणाची बादली, झाकणाला एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी नळी) आणि तळाशी नळ
- हायड्रोमीटर (काढ्याची घनता मोजणारं साधन, त्यावरून साखर किती आहे ते कळतं) आणि त्याची उंच नळी
- न धुता चालणारं निर्जंतुक करायचं द्रावण (स्टार सॅनसारखं)
- तपकिरी बाटल्या: ५०० मिलीच्या वीस, किंवा ३३० मिलीच्या तीस, बुचं आणि बुचं बसवायचं यंत्र

माल्ट, सगळं दुकानातूनच भरडून घ्या:

- पेल एल माल्ट २ किलो
- म्युनिक माल्ट २५० ग्रॅम
- मध्यम क्रिस्टल माल्ट (सुमारे १५० ईबीसी, हे रंगाचं माप) २०० ग्रॅम
- चॉकलेट माल्ट २० ग्रॅम, फक्त रंगासाठी

तांबूस रंग आणि चिक्कीच्या पाकासारखी चव क्रिस्टल माल्टची. ओलसर माल्ट बंद ठेवून तापवतात, दाण्याच्या आतच साखर होते आणि मग भाजताना तिचा कॅरमेल होतो. इथे मोह आवरा. क्रिस्टल दुप्पट केलं तर रंग छान येतो, पण बिअर काकवीसारखी जड लागते आणि हॉप्स त्याखाली दबतात.

हॉप्स:

- मॅग्नम ५ ग्रॅम
- कॅस्केड ४५ ग्रॅम
- सेंटेनियल ४५ ग्रॅम

कॅस्केड ही अमेरिकेत १९७२ साली लागवडीला आलेली जात आहे. तिचा वास चकोतऱ्याकडे आणि फुलांकडे झुकतो. पाकीट हवाबंद आणि गार ठेवलेलं आहे ना, ते पाहा. उघडल्यावर जुन्या चीजसारखा वास आला तर ते शिळे आहेत, बिअरमध्ये घालू नका.

यीस्ट: यूएस-०५ या एलच्या कोरड्या यीस्टचं ११.५ ग्रॅमचं एक पाकीट.

## ६. बिअर करण्याचा दिवस

सहा तास मोकळे ठेवा आणि सगळं आदल्या रात्री मोजून ठेवा.

पाणी. १६ लिटर. त्यातलं दोन लिटर माल्ट शोषून घेतं, तीनेक लिटर उडून जातं, थोडं तळाच्या गाळात जातं आणि बादलीत साडेदहा लिटर उतरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. त्याची माल्टशी आणि यीस्टशी गाठ पडली की बिअरला दवाखान्याचा वास येतो. कॅम्पडेनची (क्लोरीन घालवणारी, बिअरच्या सामानाच्या दुकानात मिळते) अर्धी गोळी चुरून आधी पाण्यात घाला, प्रश्न मिटतो.

मॅश. पाणी ७० अंशांवर आणा, गॅस बंद करा, पिशवी लावा, माल्ट थोडं थोडं ढवळत सोडा. गुठळ्या फोडा. ६६-६७ अंशांवर आलं की झाकण लावून पातेलं जुन्या दुलईत गुंडाळा. एक तास. पिशवी पातेल्यात असताना खाली गॅस पेटवू नका, तळाला टेकून वितळते. मग पिशवी उचलून निथळू द्या, हाताने बेताने दाबा.

उकळी. पहिल्या उकळीला दुधासारखा फेस वर येतो आणि दुधासारखाच उतू जातो, तेव्हा समोरून हलू नका. यानंतर झाकण लावायचं नाही. माल्टमधली काही नकोशी द्रव्यं वाफेबरोबर बाहेर पडायला हवीत, नाहीतर उकडलेल्या मक्यासारखा वास राहतो.

घड्याळ लावा, उकळी ६० मिनिटांची:

- सुरुवातीला: मॅग्नम ५ ग्रॅम
- शेवटची १० मिनिटं उरली की: कॅस्केड १० ग्रॅम
- शेवटची ५ मिनिटं उरली की: सेंटेनियल १० ग्रॅम

गॅस बंद. इथे बहुतेक नवखे घाई करतात. पातेलं बाथटबमधल्या किंवा सिंकमधल्या गार पाण्यात ठेवा आणि ८० अंशांवर येऊ द्या. आता कॅस्केड २० आणि सेंटेनियल २० ग्रॅम. एकदा ढवळा, झाकण लावा, वीस मिनिटं. उकळत्या काढ्यात हेच टाकलं तर कडूपणा तुमच्या हिशेबाबाहेर जातो आणि वास अर्धा उडतो. थर्मामीटरवर ८० दिसेपर्यंत पाकीट हातात धरून उभी राहायची सवय मी स्वतःला लावून घेतली.

गार करणं. परत पाणी बदलत, बर्फ टाकत २० अंशांपर्यंत आणा. यापुढे काढ्याला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं: बादली, झाकण, चमचा, थर्मामीटर, कात्री. आधी स्वच्छ घासलेलं असेल तरच द्रावण काम करतं.

वरचा काढा बादलीत ओता, तळाचा गाळ पातेल्यातच राहू द्या. ओतताना उंचावरून धार सोडा, यीस्टला सुरुवातीला हवा लागते. हायड्रोमीटरवर १.०५० च्या आसपास यायला हवं. दोन-चार अंक इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, लिहून मात्र ठेवा. यीस्ट वर भुरभुरवा, झाकण लावा.

निथळलेला माल्टचा चोथा खताला चालतो. हॉप्सचा चोथा कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, जीवही जाऊ शकतो.

## ७. दोन आठवडे

१८ ते २० अंशांची, अंधारी जागा. लीड्समध्ये मला कपाटाचा खालचा कप्पा पुरायचा. खोली जास्त गरम असेल तर बादली गार पाण्याच्या टबात ठेवा. पहिल्या तीन-चार दिवसांत आंबणं जोरात असतं आणि बादली स्वतःच तापते, तेव्हाच तापमान सांभाळायचं असतं. झाकण उघडून बघू नका.

दहाव्या दिवशी नळातून थोडी काढून मोजा. १.०१२ च्या जवळपास आली असेल तर उरलेले कॅस्केड १५ आणि सेंटेनियल १५ ग्रॅम तसेच कोरडे टाका. तीन दिवस. जास्त ठेवल्याने वास वाढत नाही, पाल्यासारखी चव यायला लागते.

## ८. बाटल्या भरणं, आणि इथली खरी भीती

माझी एक बाटली कपाटात फुटली होती. रात्रीची वेळ होती म्हणून कुणाला काही झालं नाही. कारण एवढंच, की हॉप्स टाकण्याआधीचं मोजमाप बरोबर आलं म्हणून मी ते टाकल्यानंतर परत मोजलंच नाही. हॉप्समध्ये काही विकरं असतात. ती उरलेल्या न आंबणाऱ्या साखरा फोडतात आणि शांत झालेलं यीस्ट परत कामाला लागतं. त्यामुळे कोरडे हॉप्स टाकल्यावर आकडा किंचित उतरू शकतो. तो तीन दिवस जागचा हलला नाही तरच बाटल्या भरा. एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं धरू नका.

हिशेब सोपा आहे. पहिल्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ ने गुणा: १.०५० वजा १.०१२ म्हणजे ०.०३८, म्हणजे सुमारे ५ टक्के मद्यांश.

फेसासाठी लिटरला ६ ग्रॅम साधी साखर, काट्यावर मोजून, चमच्याने नाही. कपभर पाण्यात उकळून, गार करून एका निर्जंतुक भांड्यात घ्या आणि त्यावर बिअर नळीने सोडा. नळीचं टोक तळाशी बुडालेलं हवं, खळखळ आवाज होता कामा नये. काढ्याला सुरुवातीला हवा हवी होती, तयार बिअरला ती अजिबात नको. हवा लागली की हॉप्सचा वास काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो.

बाटली तपकिरीच हवी. उजेडाने हॉप्समधली द्रव्यं बदलतात आणि एक कुजका वास येतो. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून तो उजेड आत शिरतो. बुचं लावून २० अंशांवर दोन आठवडे, पुठ्ठ्याच्या खोक्यात, झाकण बंद करून.

## ९. उघडताना

एक बाटली चोवीस तास फ्रिजमध्ये उभी ठेवा, म्हणजे तळाशी यीस्ट बसेल. एका धारेत ग्लासात ओता आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. अगदी गारढोण पिऊ नका. दहा मिनिटं बाहेर ठेवलेल्या ग्लासातून वास जास्त मोकळा येतो.

ही बिअर मुरवायची नाही. सहा ते आठ आठवड्यांत संपवा. पण दोन बाटल्या मागे ठेवा, एक सहाव्या आठवड्यात उघडायला आणि एक दहाव्या. पहिल्या बाटलीबद्दल जे वाटलं ते वहीत लिहिलेलं असू द्या. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. मी भाच्याला सांगितलंय की दुसऱ्या खेपेला माल्ट, यीस्ट सगळं तेच ठेव, फक्त दहा मिनिटांचे आणि पाच मिनिटांचे हॉप्स काढून ८० अंशांच्या हप्त्यात घाल, आणि कुठली जास्त आवडली ते मला कळव.